रिकामं पारडं

मला एक सांगा मंजुषाताई, माणसानं इस्वास ठेवावा तर कुणावर — घरच्या सुनंवर, का तिला न्यायला आलेल्या परक्या बाईवर? न्हाई, बसा बसा, त्या पोत्यावर बसा, तुरीचं हाय, टोचत न्हाई. सून म्हणती मला बालवाडीची बाई व्हायचंय. तुमी म्हणता आमच्या संस्थेला अशीच बाई पायजे. अन् दोघी मिळून विचारता कुणाला — तर राधाकिशन दुकानदाराला, चौथी शिकलेल्याला. म्हंजी पसंती तुमची झालीय, आता फक्त घरच्याचा शबुद पायजे. मागच्या साली घेतलेली बाई सासरच्यांनी मधूनच ओढून नेली म्हणलात — म्हणून औंदा आधीच सासऱ्याच्या पायरीवर. हुशार हायत तुमी. धंद्यात असता तर नाव काढलं असतं, उगं पोरांची नाकं पुसण्यात जिंदगी घालवली.

चहा सांगितलाय, तवर ऐका. चौथी झालो अन् बापानं ह्या गादीवर बसवलं. आमची बालवाडी म्हंजी बाप अन् बापाची चप्पल. पण आज घाटनांदूरच्या बाजारात इचारा — माणूस पायरी चढला की मी सांगतो, हा घ्यायला आलाय का नुसता भाव इचारायला. हे तुमच्या बालवाडीच्या कुण्या गाण्यात शिकवत्यात? तीन वरसाच्या पोराला शिकवायचं असतं तरी काय? त्याला भूक लागली की रडतं, झोप आली की पडतं, एवढं त्याला जन्मताच येतं. बाकीचं मार खाल्ल्यावर येतं. त्याला कोर्स कशाला? पण न्हाई, सुकन्यानं कोर्स केला. वरीसभर दुपारची गाडी धरून अंबाजोगाईला जायची, मी म्हणायचो शिलाईचा क्लास असंल. आदिनाथला — माझ्या पोराला, तिच्या नवऱ्याला — सगळं ठावं. टेम्पो चालवतो, रस्त्यावर हॉर्न वाजवायला कमी करत न्हाई, पण बापापुढं आवाज निघाला न्हाई. एक दिवस घरात पेढे आले. कशाचे म्हणलं, तर बालशिक्षणाचे. पेढा खाल्ला. गोड होता. पेढ्याचा काय दोष?

बारावी झालेली सून आणली ती गल्ल्यावर बसायला. अन् बसली बी नीट, खोटं कावून बोलू. पण हळूहळू ओट्यावर पोरं जमायला लागली. आई आत सामान घेतीय तवर पोरगं हिच्यापाशी. मग ही हत्ती व्हायची. पदराची सोंड करून दुकानात चालायची, भर गिऱ्हाइकात, अन् मागं सहा पोरं, सगळी हत्ती. एकदा पंचायतीतले अर्जुनराव आले तेल घ्यायला, तर एका हत्तीनं त्यांच्या धोतराला सोंड पुसली. ते हसले, म्हणले, शेठ, सर्कस काढली का? मी बी हसलो. काय करता?

आता आमच्या दुकानाचा एक रिवाज हाय. पोरगं पायरी चढलं की हातावर गुळाचा खडा. बापापासून चालत आलंय. लोक म्हणत्यात राधाकिशन दिलदार — दिलदार कशाचा, गूळ म्हंजी धर्म न्हाई, गूळ म्हंजी धंदा. खडा खाल्लेलं पोरगं आईला ओढत ह्याच पायरीवर आणतं. तर हिनं त्यात बी शाळा घातली. मटकी, हरभरा, तूर, मूठ मूठ एका ताटात कालवून ठेवायची, पोरांनी दाणा उचलायचा, नाव सांगायचं, मग गूळ. मला काय म्हाइत? मला वाटलं पोरांनी सांडलं. मी ते समदं गोळा केलं अन् मिसळीचं कडधान्य म्हणून विकून टाकलं — हसू नका, वरच्या भावानं गेलं. दुसऱ्या दिवशी ही मला इचारती, मामा, माझा अभ्यास कुठाय? मी म्हणलं, तुझा अभ्यास नेकनूरच्या पाव्हण्यानं उसळीला नेला.

अन् त्या म्हाळूचं पोरगं, परमेश्वर. म्हाळू मेंढरं राखतो, बायको बी त्याच्या मागं, पोरगं चार वरसाचं झालं तरी तोंड उघडंना. सगळे म्हणले मुकं हाय, मी बी म्हणलो. आई त्याला सकाळी ओट्यावर सोडून जायची. ते आपलं दाणे निवडायचं — गप. ही गप बसायची त्याच्याशेजारी. दुकानात गर्दी, अन् माझी सून गप बसलीय एका गप पोराशेजारी. ह्याला काम म्हणत्यात का? अन् एक दिवस त्या पोरानं दाणा उचलला, हिच्या नाकासमोर धरला अन् म्हणला — मतकी. आई न्हाई, बा न्हाई, देव न्हाई. मतकी. त्याची आई ह्या खांबाला धरून रडली. आता एवढं रडण्यासारखं काय होतं? दाणा मटकीचा होता, मटकी म्हणला. आता तर गपच बसत न्हाई. परवा मला म्हणतो, आजोबा, तुमच्या नाकात केस हायत. हे तुमचं शिक्षण.

तुमी तराजूकडं बघताय. जुना हाय, पितळी साखळीचा. पारडी लोखंडाची. काटा हाय की इलेक्ट्रिकचा, त्यो बघा, पण लाइटीचा भरवसा न्हाई, अन् बायाबापड्या दोन-अडीच किलो तूर गठुड्यात बांधून आणत्यात, मला इकत्यात अन् त्या पैशाची तेल-साखर नेत्यात, त्यांचा इस्वास ह्याच्यावर. सुई डोळ्यांनी दिसती ना. तर मी एक दिवस घरात जेवायला गेलतो. येऊन बघतो तर हिनं पारड्यातली सगळी मापं उतरवून ठेवलेली. आता जाणता माणूस तराजू कधी रिकामा टांगत न्हाई, एखादं माप पडलेलं असतंच. कावून म्हणता? असंच. रीत हाय. ही पोरांना जड-हलकं शिकवीत होती, एकीकडं कांदा, एकीकडं लिंबू. झालं, दोन्ही उचललं — अन् माझी नात, संस्कृती, हिचीच पोरगी, बोट करून म्हणती, आई, आता काहीच न्हाई, तरी मापाचं पारडं खाली कावून?

अन् ओट्यावर बसलंय कोण — ताराबाई. तुरीचं गठुडं मांडीवर घेऊन. ताराबाईला कळालं म्हंजी दवंडी पिटायची गरज न्हाई. तवर त्या परमेश्वरानं त्याच पारड्याखाली हात घातला अन् ओढून काढलं. लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधलं, भाकरीएवढं — न्हाई, भाकरीएवढं कुठलं, पुरीएवढं. आता ते तिथं कसं गेलं मला काय म्हाइत. दुकानात खिळे असत्यात, चुंबक असतं, चिकटलं असंल. चुंबकाचा गुणच तो हाय.

दुसरी सून असती तर तोंड पाडून आत गेली असती. न्हाईतर चारचौघांत बोलली असती. हिनं काय करावं? पोरांना म्हणती, बघा, ह्याला चुंबक म्हणत्यात, हे कशाकशाला चिकटतं ते शोधा. पोरं सुटली. खिळा, डबा, कुलूप, माझा अडकित्ता. ताराबाईनं बी पायातली जोडवी लावून बघितली, न्हाई चिकटली. मी उभा. हातावर पाणी तसंच. खेळ संपला तसं हिनं ते चुंबक पदरानं पुसलं, माझ्या हातात दिलं — मामा, ठेवा. बास. त्याच्यावर आजवर एक शबुद न्हाई. बोलली असती तर मी चार शबुद उलटून बोललो असतो, आदिनाथ मधी पडला असता, मिटलं असतं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडावं कसं, हे तुमच्या कोर्सात हाय का?

तवापासनं वीतभर वीतभर पोरं पायरी चढत्यात अन् म्हणत्यात, आजोबा, आधी रिकामं धरा. मागं त्यांच्या आया, पदर तोंडाला लावून. गूळ माझा खायचा अन् सुई माझी बघायची.

म्हणून म्हणतो, न्या तिला. सकाळपासून माझ्या मनात न्हाईच होतं, चहा पाजून वाटंला लावणार होतो तुमाला. पण बोलता बोलता गणित बसलं. दहा ते एक ती तुमच्याकडं. पोरं बी तुमच्याकडं. तूर घेऊन बाया येत्यात त्याच वक्ताला. ओटा मोकळा, दुकान माझं मला. तिकडं हत्ती करा न्हाईतर उंट करा. दिला शबुद, राधाकिशननं दिलेला शबुद मागं घेतला असं बाजारात कोणी म्हणलं न्हाई.

किती पोरं म्हणलात?

चाळीस. ओट्यावर सहाच होती.

अन् दर साली नवी.

तराजू असतो का तुमच्या बालवाडीत? असतो. व्हय, असणारच.

घ्या चहा, निवला. मटकी किलोभर म्हणलात ना, देतो. लाइट गेलीय, जुन्यावरच करतो. — काय झालं? हात कावून थांबवला माझा? बरं. हे घ्या, उतरवलं माप. धरलं रिकामं. बघा. नीट बघा, इकडून बी बघा. झालं समाधान? संस्थेची माणसं तुमी, अन् वागणं त्या संस्कृतीसारखं.

उठा आता, गिऱ्हाइकं खोळंबलीत. गुळाचा खडा राहिला — न्हाई, घ्या, रिवाज हाय. अन् ताई, खिचडीचा, खाऊचा, पोरांच्या हजेरीचा, काय असंल तो तुमच्या तिथला हिशोब सरळ ठेवा. ती तुमाला काही बोलणार न्हाई. नुसतं पोरांना दाखवंल.