धुरीसाहेबांचं गाऱ्हाणं

मंडळी, ऐका! माणूस शिकला, फाडफाड इंग्रजी बोलू लागला — फार चांगलं झालं! पण त्या इंग्रजीच्या तोऱ्यात तो आपल्याच माणसांपासून तुटला, तर त्या विद्येचं करायचं काय? हसू नका! मागच्या रांगेतले गॉगलवाले, तुम्ही तर मुळीच हसू नका!

आमच्या कोकणात शशिकांत धुरी म्हणून एक साहेब. मोठे अधिकारी. वर्षातून एकदा गावी यायचे, आणि वाटेत म्हैस आडवी आली तरी 'एक्स्क्यूज मी'! म्हैस हलतेय होय?

त्या वर्षी मात्र साहेब घाबरलेले. नऊ वर्षांची एकुलती लेक, शाल्मली — काळजाला भोक! सोमवारी ऑपरेशन. म्हणून शुक्रवारी रवळनाथाच्या देवळात नारळ घेऊन आले. सारा गाव जमला.

आता गाऱ्हाणं म्हणजे काय, तुम्हा घाटावरच्यांना सांगतो. एकानं देवापुढे मागणं मांडायचं, आणि दर मागण्याला अख्ख्या गावानं म्हणायचं — 'व्हय म्हाराजा!' हा मान तातू घाडींच्या घराण्याचा. ऐंशीचा म्हातारा काठी टेकत पुढे झाला.

साहेब म्हणाले, "नो, नो! तुमचं ते गावठी नको. मी स्वतः इंग्लिशमध्ये प्रेयर करणार."

म्हातारा गपचूप मागे सरला.

साहेबांनी कागद काढला. 'ओ लॉर्ड...' पाच मिनिटं! काय ते उच्चार! गाव हात जोडून उभा — पण 'व्हय' म्हणायचं कुठं? कुणालाच कळेना! कागद संपला. देवळात चिडीचूप.

साहेबांनी वळून पाहिलं. लेकीचा जीव मागितला, आणि पाठीशी एक आवाज नाही! का हो, देवाला इंग्रजी येत नाही? येते की! पण गावाला साहेबांनीच बाहेर ठेवलं होतं ना!

आणि तीस वर्षांनी त्या तोंडातून मालवणी आली — "तातूकाका, माझा चुकला. माझ्या चेडवासाठी तुमीच गाऱ्हाणा घाला!"

मी असतो तर रुसलो असतो, खरं सांगतो. म्हातारा रुसला नाही! काठी बाजूला ठेवून हात जोडले —

"बा देवा रवळनाथा! ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. त्याच्या चेडवाचा आपरेशन सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" — दोनशे गळे!

"काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" — आणि ह्या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा! ढसाढसा रडत होते हो!

पोर बरी झाली, मंडळी! डॉक्टरांचे उपकार, आणि ते डॉक्टर इंग्रजीतच शिकलेले, हेही विसरू नका. त्या भाषेला नावं ठेवणारा मी कोण? पण दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या बापाला धीर कुणी दिला? साहेब स्वतः सांगतात — "ते दोनशे 'व्हय' कानात होते, म्हणून मी बसून राहू शकलो." दरसाल येतात, आधी देवाच्या आणि मग तातूंच्या पाया पडतात.

आता तुमच्याकडे वळतो! घरी आजी काही विचारते, आणि तुम्ही 'यू वोन्ट अंडरस्टँड' म्हणून खोलीत जाता. जाता ना? तर आज मीच गाऱ्हाणं घालतो —

बा देवा म्हाराजा! ज्या बोलीत आईनं आम्हाला निजवलं, जिनं आम्हाला माणसं दिली, तिचे उपकार आम्हाला जन्मभर आठवू देत रे म्हाराजा!

...काय झालं? मराठीतच बोललो ना मी? मग म्हणा की!