घरची गाडी की ट्रॅकची?

अरे, मले रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवायचं लय वेड. फक्त ट्रॅकवरच चालणारी जुनी रेसची गाडी घ्यावी, की घरचीच गाडी तशी बनवून घ्यावी, यातच सहा महिने गेले. शेवटी घरचीच घेऊन जाम गावच्या मेकॅनिककडे गेलतो. त्यानं गाडी हलकी करायले हेडलाइट काढायले पाना लावला, तितक्यात माही बायको वंदना बसमधून उतरून समोर उभी. नर्स आहे ती, रात्रपाळीले हीच गाडी घेऊन जाते.

"हेडलाइट काढला, तर मी ड्यूटीवर कशी जाऊ?"

मी मान खाली घातली. "बरं, रेसचं राहू देतो."

"राहू काऊन देता? ट्रॅकवालीच घ्या ना. मलेबी चालवून पाहाची आहे."

घेतली. आता ट्रॅकवर ती माझ्यापेक्षा जोरात पळवते, अन् लोक मले विचारतात, "तुम्ही मॅडमचे मेकॅनिक काय?"