बद्द वाजणारं दार

मुलांनो, समजा तुम्ही लातूरच्या एका गॅरेजात बाकावर बसला आहात. समोर उदगीरचे रामलिंगआप्पा आणि त्यांची नात रुद्राणी. महांतेश मिस्त्रीने त्यांच्या गाडीच्या एका दारात आवाज दाबणारी जाड शीट रूळ फिरवून चिकटवली आहे.

“आप्पा, आता दोन्ही दारं वाजवून बघा.”

“हे जुनं खणखण वाजलं. लई पक्कं! शीटवालं फुटक्या माठावानी बद्द वाजून राहिलं. काढ ती.”

“अवो आप्पा, माठ खणखणीत पाहिजे. दार बद्दच पाहिजे, म्हणजे आत आवाज न्हाई.”

“मला काय करायची शांतता? ही पोरगी तर गाडीत गप बसून असती.”

“गप न्हाई, आज्जा! लई बोलते मी. खडखडाटात तुम्हाला ऐकूच येत न्हाई. परवा अख्खी गोष्ट सांगितली.”

“मग मी काय म्हणलो?”

“‘हाव, थांबतो भजे खायला’ म्हणलात.”

“थांबलो का न्हाई पण? ... महांतेश, चारी दारं बद्द कर बाबा.”

संध्याकाळी गाडी उदगीरच्या रस्त्याला लागली. रुद्राणी मागच्या सीटवर टेकून बसली आणि तीच गोष्ट तिने पहिल्यापासून, अगदी हळू आवाजात सुरू केली.