इथं काय भीती नाय!

...नाही, मी म्हणतो, माणसानं एक तर भीती आहे म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं! हे ‘फक्त’ काय असतं मधेच? महाडला बदली झाली माझी, तर आमची सेजल काय म्हणते, "हे बघ मंगेश, दोन दातांची पोर घेऊन मी कुठंही येणार नाही. आधी जागा सुरक्षित आहे का ते विचारून ये. नाहीतर तू तिकडे, आम्ही दोघी इकडे नाशकात!" आता पोरीचा तिसरा दात मी काय फोनवर बघू? घेतली वही, निघालो.

पहिली खोली औद्योगिक वसाहतीजवळ. शेजारचा रितेश पाळी संपवून नुकताच मोटारसायकलवरून उतरत होता. "बिनधास्त या साहेब, इथं काय भीती नाय!" मी लिहिलं, भीती नाही. "फक्त कंपनीत गॅस सुटला, भोंगा वाजला ना, की पळायच्या आधी वारा बघायचा. कुठनं येतो, कुठं जातो... आपण आडवं पळायचं." म्हणजे काखेत पोर, हातात दुधाची बाटली, आणि मी गच्चीवर रुमाल धरून वारा बघतोय? खोडलं!

म्हटलं, उंचावर जाऊ. पोलादपूरच्या वर एक वाडी, अंगणात येसाजीबाबा टोपली विणत बसलेले. "इथं काय भीती नाय! पानी तिकडं, खाली म्हाडात." अहाहा, हवा काय, गारवा काय! मी लिहिलं, भीती नाही, आणि खाली दोन रेघा मारल्या. "फक्त पाऊस लागून राह्यला का आमी समदी खालच्या शाळेत मुक्कामाला जातो." का हो बाबा? म्हातारा डोंगराकडे बघत राहिला. "तळीयेला बहीण दिलेली आमची. दरडीखाली गेली." एवढंच बोलला. खरं सांगतो, मला पुढं विचारवेना. पेन खिशात ठेवलं. तर तोच म्हणतो, "च्या घेनार ना?"

शेवटी महाडची बाजारपेठ. साळूबाईंच्या घराचा पहिला मजला भाड्यानं होता. तळमजल्याच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, रंगानं ओढलेली एक रेघ. हे काय हो? "एकवीस सालचं पानी. तू वर राहनार, तुला इथं काय भीती नाय!" मी वही उघडतोय, तर बाई माझ्याभोवती फिरून मलाच बघायला लागल्या. "पाठ दुखते का रं?" नाही. "जुलैत रजा टाकून पळनारा नाय ना तू?" अहो, प्रश्न विचारायला मी आलोय! "ऱ्हाऊदे. तो फ्रिज उचल." कुठला फ्रिज? "खालच्या अरविंदचा. धर एक बाजू, चढ जिना!"

तुम्हाला सांगतो, उचलला! निम्म्या जिन्यात डोळ्यांपुढं काजवे, खालून अरविंद ओरडतोय, "जरा डावीकडे साहेब, दूध आहे आत!" वर नेऊन ठेवला, तर बाई म्हणतात, "आता खाली ने." का? का म्हणून? "पानी चढलं का खालच्यांचं सामान, पोरं, म्हातारी, समदी तुझ्या खोलीत येनार. मागचा भाडेकरू दार लावून बसला. तवापासून फ्रिज उचलून घेतल्याशिवाय खोली देत नाय मी."

मी तिथूनच सेजलला फोन लावला, कंबर धरून. म्हटलं, ऐक हा वेडेपणा! तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू ऑफिसात असलास तरी आपल्या पोरीपाशी घरभर माणसं असतील? घे ती खोली. आम्ही येतो." घ्या! एवढी वही भरली, तिचं काही नाही!

आता परवा जुलैत नुसता इशारा आला, तर आमच्या हॉलमध्ये चार फ्रिज, दोन शिलाई मशीन, अरविंदची आई, आणि तिच्या मांडीवर आमची पोर, खदखदा हसतेय... तिसरा दात दिसला मला. मी कुठं होतो? जिन्यात! पाचव्या फ्रिजखाली!

तर तुम्ही म्हणत होता, तुमचीही बदली इकडेच झालीय? या की! बिनधास्त या, इथं काय भीती नाय!

फक्त... पाठ कशी आहे तुमची?