धाकटा सेट झालाय

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"अहो, तुमची कवळी सेट व्हायला वेळ लागेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. म्हणजे काय?"

"हिरड्यांना सवय व्हायला."

"आणि पार्लरवाली केस सेट करते ते?"

"ते नीट बसवणं."

"आणि सोफा सेट?"

"किती डोकं खाशील! तो सगळा एकदम घ्यायचा असतो."

"मग आपला धाकटा काल फोनवर म्हणाला, 'आई, मी इकडे आता सेट झालोय.' ते यातलं कुठलं?"

"नंबर आला वाटतं आपला."

"नाही आला. सांगा ना. त्याची गादी मी दर रविवारी उन्हात घालते. आता नको का घालू?"

"घाल गं. ऊन काय विकत आणायचंय?"