चौदा पिवळे कोट

नको, बंद कर. तो फोन आधी बंद कर, ब्रिन — बघितलं मी, एकदा बघितलं तेवढं पुरे, पुन्हा नको दाखवूस. छान आहे गं, वाईट कोण म्हणतंय? चौदा बायका सारखेच पिवळे कोट घालून, हातात हात घालून रस्ता ओलांडतायत, गाणं म्हणतायत, बसमध्ये चढतायत — तुमच्या चॅनलवाल्यांना असलंच तर हवं असतं. कॉलेजच्या पोरींनी व्हॉलीबॉलचे अकरा सामने ओळीने जिंकले, सगळं गाव पिवळं झालं, ही बातमीच आहे, मान्य. पण हे तू सहाच्या बातम्यांत लावायचं नाहीस. का म्हणजे? मी सांगते म्हणून. नाही, मुलाखतही नको. कॅमेरा ठेव खाली, पिशवीतच ठेव. आणि बस जरा. ती खुर्ची नको, ती खिडकीतून दिसते — इकडे ये, कपाटाच्या आड. कोलाची खाशील, हा गोड पाव? खसखशीची आहे, शनिवारची आहे पण चांगली आहे. मी? मी नाही खात.

मार्ला नाहीये. सुट्टीवर आहे. — हो, आत्ता, ऐन मोसमात. सुट्टी लागते माणसाला. तू तिलाच भेटायला आलीस ना? मला माहितीये, माझ्यासारख्या चौसष्ट वर्षांच्या बाईला टीव्हीवर कोण बघणार! आणि खरं सांगायचं तर कोट तिचाच आहे. दुकान माझं, कापड माझं, पण हात तिचे. तीस वर्षं मी बघत आले — कॉलेजच्या दुकानात बायकांसाठी म्हणून काय ठेवतात? पुरुषांचाच टी-शर्ट, दोन मापं लहान. नाहीतर गुलाबी. गुलाबी! आपला संघ लार्क, रंग पिवळा, आणि बाई म्हटली की यांना गुलाबीच सुचतो! मार्ला आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, लोरेटा, बायका चार-चार तास गॅलरीत बसतात, त्यांना गुडघ्यापर्यंत कोट पाहिजे, डोक्यावर टोपी पाहिजे आणि हात घालायला खिसे पाहिजेत, खरेखुरे. छातीवर लार्क पक्ष्याला असतो तसा काळा व्ही तिनेच काढला. तीन वर्षांपूर्वी आली ती, एक बॅग घेऊन. कुठून आली ते मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं — ती म्हणाली, लांबून. मी पुढे नाही विचारलं.

आठवतं का तुला, महिन्यापूर्वी तू इथंच तिपाई लावून उभी होतीस? ती काय म्हणाली होती तुला? माझे हात घ्या, चेहरा नको. तू हसलीस, म्हणालीस, लाजू नका हो. ती लाजत नव्हती गं! आणि मग नऊ दिवसांपूर्वी, शनिवारच्या सामन्यात तुझ्या कॅमेऱ्याने गॅलरीत तिलाच बरोबर गाठलं — सेट जिंकल्यावर उभी राहून ओरडताना, तोंड एवढं उघडं, टोपी मागे पडलेली. तीन वर्षांत मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आणि तुम्ही ते टीव्हीवर लावलंत, 'आठवड्यातली सर्वांत देखणी चाहती' म्हणून, आणि खाली माझ्या दुकानाचं नाव. नाव काय करायचं होतं तुम्हाला दुकानाचं? कुणी सांगितलं होतं?

बरं. मीच सांगितलं. माहितीये मला, तुझा फोन आला होता, लोरेटा, ती सुंदर कोटवाली तुमचीच ना म्हणून — आणि मी म्हटलं, अगं हो, आमचीच मार्ला, इथंच शिवते, लाव की दुकानाचं नाव. वाटलं, चार बायका येतील दुकानात. त्यात काय मोठं? दुसऱ्या दिवशी रविवार, चर्चमधून सरळ ती माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. म्हणाली, लोरेटा, त्या पोरीला फोन करा, ते काढायला सांगा, आजच्या आज. मी म्हटलं, करते. उद्या करते. सोमवारी दुकान उघडलं तर बायकांची रांग दारापर्यंत, मंगळवारी फोन ठेवायला सवड नाही — ती मशीनवरून मान वर करून विचारायची, केला का? आणि मी म्हणायची, करते गं, गिऱ्हाईक आहे. तुला माझा फोन आला का? नाही ना? नाहीच आला. मी केलाच नाही. आता तू माझ्याकडे असं बघू नकोस, माझं स्वतःलाच काय काय बोलून झालंय.

बुधवारी एक माणूस बोलला फोनवर. आवाज गोड, अदबीचा. म्हणाला, बाई, टीव्हीवर तुमचा कोट बघितला, माझ्या बायकोसाठी पाहिजे. ती शिवणारी बाई कुठल्या दिवशी असते? आणि मी — अगं, मी काय करते? मी म्हणते, मंगळवार ते शनिवार, दहा ते पाच. शुक्रवारी अकराच्या आधीच या हो, नंतर सामन्याला बसने जाणाऱ्या बायका कोट न्यायला येतात, मग गर्दी होते. सगळं सांगितलं. वेळसुद्धा.

शुक्रवारी दहाला तो आला. तू म्हणशील राक्षस असेल — नाही. नीटनेटका, दाढी केलेला, बूट पायपुसण्यावर पुसून आत आला, टोपी काढून हातात धरली. माझ्या मुलीने असा कुणी घरी आणला असता तर मी कॉफी केली असती. म्हटलं, माप आणलंय? म्हणाला, पाठ आहे. आणि घडाघडा सांगायला लागला, छाती, कंबर, बाही, काही कागद नाही, काही नाही. मी लिहून घेत्येय. आणि मग म्हणतो, "डाव्या खांद्यात जरा जास्त भर घाला, बाई. तो थोडा खाली आहे तिचा." — पेन्सिल तिथंच थांबली माझी. मार्लाच्या कोटात डाव्या खांद्याची भर मी घातली होती, माझ्या हाताने. लहानपणी घोड्यावरून पडले होते, म्हणाली होती ती मला.

मागे इस्त्री चालू होती. पडद्याच्या मागे, तिथं. वाफेचा आवाज येत होता आणि तो आवाज बंद झाला. त्यानेही ऐकलं. म्हणाला, मागे कोणी आहे का? मी म्हटलं, कोणी नाही, इस्त्री आपोआप बंद होते. "आणि ती शिवणारी बाई?" म्हटलं, काम सोडलं तिने, कालच गेली. तो हसला. रागावला असता तर बरं होतं, हसला गं तो. म्हणाला, "असं कसं काम सोडलं, एवढं छान शिवते ती." आणि तिथं बसला, ज्या खुर्चीवर मी तुला बसू दिलं नाही तिथं, आणि टीव्हीवर जुना सामना लागला होता तो बघत राहिला. वीस मिनिटं. मी गल्ल्याला धरून उभी, आणि पडद्यामागे ती, श्वास घेते की नाही तेही कळेना. मग उठला, म्हणाला, सोमवारी येतो कोट न्यायला, आणि गेला. गेला म्हणजे कुठं — समोर, बियाण्याच्या दुकानापुढे, त्याची गाडी. तिच्यात जाऊन बसला. शेरीफच्या कचेरीत फोन केला मी, तर तिथला माणूस म्हणतो, लोरेटा, रस्त्यावर गाडी लावणं हा गुन्हा नाही, त्याने काही केलं का? म्हटलं, अजून नाही. मग केलं की कळवा, म्हणाला.

अकराला फिलिस आली, बाकीच्या बारा जणींना घेऊन. फिलिस ओळखतेस ना, चर्चमध्ये पियानो वाजवते, बाहेरगावच्या सामन्याला बस तीच ठरवते. सगळ्या हसतायत, ओरडतायत, गालांवर पिवळे-काळे पट्टे. मी तिला पडद्यामागे नेलं. मार्ला खाली बसली होती, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मध्ये, आणि फिलिसने तिला बघितलं, मग खिडकीतून त्या गाडीकडे बघितलं, आणि मला एक शब्द विचारला नाही. मार्लाला म्हणाली, "ऊठ बाळा. ड्रायव्हरला मी चौदा जणी सांगितल्यात. मोजायला चुकले होते वाटतं." स्वतःच्या बोटाने रंग घेऊन तिच्या गालावर पट्टे ओढले. टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. आणि चौदा जणी बाहेर पडल्या, मार्ला मधोमध, एका बाजूला फिलिस, दुसऱ्या बाजूला तिची सून, गाणं म्हणत, त्याच्या गाडीच्या पुढून. दुसरा रस्ताच नाही गं, बस त्याच बाजूला उभी होती! आणि त्याने काच खाली केली. मी इथून बघत होते. काच खाली करून ओरडला, "जिंकून या गं बायांनो!" आणि चौदाच्या चौदा जणींनी त्याला हात वर करून उत्तर दिलं. मार्लानेसुद्धा.

ते तू घेतलंस. तिथं कोपऱ्यावर उभी राहून. तुझं काम आहे ते, तुला काय माहीत. पण शेवटी बघ, बसच्या पायरीवर — तिची टोपी दांड्याला अडकते आणि मागे पडते, आणि ती वळते. एक क्षण. मी ओळखलं ना? मग जो तिचं खांद्याचं माप पाठ म्हणतो तो नाही ओळखणार? आणि खाली काय लिहिलंयस, 'लार्कच्या बायका निघाल्या अल्मेराला'. अल्मेरा म्हणजे केवढं गाव, चार गल्ल्या आणि माझ्या बहिणीचं — काही नाही. काही म्हटलं नाही मी. तू काही ऐकलं नाहीस. ब्रिन, माझ्याकडे बघ, तू आयरीनचं नाव ऐकलं नाहीस. — नाव मी घेतलंच नव्हतं का? बघ, असं होतंय माझं. तोंडावर ताबाच नाही राहिलेला.

तो तीन दिवस तिथंच होता. शनिवार, रविवार, गाडी समोर. रविवारी मी त्याचा कोट शिवला. हो, शिवला! तो बघ तिथं ठेवलाय, डाव्या खांद्यात भर घालून. भीतीने शिवला, म्हटलं कोट तयार असला तर घेईल आणि जाईल. आज सकाळीही गाडी होती. मी कोट काढून ठेवला, घडी केली, उलगडली, पुन्हा केली. आणि बाराला, सव्वाबाराला असेल, गाडी चालू झाली आणि गेला. कोट न घेताच गेला. मी दार लावून जमिनीवर बसले आणि रडले, म्हटलं सुटलो, कंटाळला एकदाचा. म्हणून तुला सांगते, सहाच्या बातम्यांत हे आलं नाही तर —

काय झालं? बोल ना. अशी का बघतेस?

कुठं टाकलंस? चॅनलच्या पानावर? आधीच? कधी?

बाराला.

सरक. सरक, फोन कुठंय माझा — कापडाखाली बघ, ती कात्री सरकव — दे इकडे. चार वाजत आले. अल्मेरा दोन तासांवर आहे. लागतोय. उचल गं. उचल. — हॅलो, मार्ला? मी. मी लोरेटा. तू कुठं आहेस, आत आहेस ना? दाराची कडी लाव. नाही, ऐक, काही विचारू नकोस, बूट घाल. आयरीनला म्हणावं गाडी मागच्या अंगणात घे, थेट शेरीफच्या कचेरीत जा, तिथल्या, हो, आणि तिथंच बसून राहा. कोट नको. तो पिवळा कोट तिथंच राहू दे, मार्ला. थंडी आहे, माहितीये मला. आयरीनचा घाल, करडा. घातलास? — फोन ठेवू नकोस, मी आहे, बोलत राहा.

आणि तू अजून उभी आहेस? ते काढ आधी. आत्ता काढ, माझ्यासमोर. काढलंस? मग जा आता. दार ओढून घे.