पाहुण्या संघाचा एकुलता एक पाठीराखा

अहो, नको म्हटलं की हो मी! एकदा नाही, चार-चारदा म्हटलं! मान हलवून म्हटलं, हात हलवून म्हटलं, इंग्लिशमध्ये म्हटलं, शेवटी वैतागून मराठीत म्हटलं, ‘नको हो बाई!’… पण ऐकेल ती नोराबाई कसली! तुम्हाला सांगतो, आपल्या लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारे परवडले, पण ही आयरिश बाई… थांबा, नीट सांगतो. फक्त एक ध्यानात ठेवा, मी तिथे गेलो होतो पाहुण्या संघाकडून. आणि आपली बाजू म्हणजे आपली बाजू!

तर आमची इरा. आठवीत आहे, इथे दुबईत, ऊद मेथाच्या शाळेत. कथक सोडलं आणि फुटबॉल धरलं. बरं, साधं फुटबॉल? छे! आयरिश लोकांचं फुटबॉल! त्यात बॉल हातात घेऊन पळतात, पायावर आपटतात, परत हातात घेतात, आणि दोन उंच खांबांच्या मधून वरून मारला तर एक पॉइंट, खाली जाळ्यात मारला तर तीन. मी पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा ‘हँडबॉल! हँडबॉल!’ म्हणून सोफ्यावरून उठलो होतो. इरा म्हणाली, “बाबा, प्लीज. दॅट्स द गेम.” बरं बाबा, असेल!

दुबईची ही टीम म्हणजे नुसती जमवाजमव. एक मल्याळी, दोन लेबनीज, एक पाकिस्तानी, एक केनियाची, एक आमची. मागच्या मॅचहून घरी आली, बूट काढता काढता म्हणाली, “देअर साइड वॉज फुल, बाबा. नोबडी कम्स फॉर अस.” रडली नाही हो, नुसतं म्हणाली. पण मला जेवण गेलं नाही. बाकीचे आईबाप पोरींना बसमध्ये चढवतात आणि यल्ला, बाय! मीही तेच करत होतो ना? ठरवलं. पुढची मॅच अबुधाबीला, खास आयरिश लोकांच्या मैदानावर? असू दे! जाणार! आणि असा ओरडणार, असा ओरडणार की तिला ऐकू आलंच पाहिजे! आठवडाभर ज्येष्ठमध चघळलं. ऑफिसला जाताना गाडीच्या काचा बंद करून ‘इराऽऽ!’ची प्रॅक्टिस केली. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने विचारलं, “सब खैरियत, भाईसाब?” म्हटलं, इन्शाल्ला!

निघताना अनुपमाने, म्हणजे आमच्या सौ.ने, हातात डबा दिला. बेसनाचे लाडू. तिची शनिवारी ड्युटी असते. म्हणाली, “कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.”

“अगं, घर नाही, मैदान आहे! शत्रूचं मैदान!”

“मग शत्रूला द्या.”

घरून, अल मनखूलहून निघालो तो थेट अबुधाबीत, खलिफा सिटीच्या पलीकडे. तिकडे बघतो तर काय! यजमानांच्या बाजूला मंडप, खुर्च्या, झेंडे, तान्ही पोरं, आज्या, चहाचं भलंमोठं भांडं, अख्खं गाव लोटलेलं! आणि पाहुण्यांच्या बाजूला? ऊन, वाळू आणि मी.

तेवढ्यात मैदानाला वळसा घालून एक बाई माझ्याकडे यायला लागल्या. हातात कप. त्याच नोराबाई. “आर यू ऑन युअर ओन, लव्ह? चहा घ्या!”

आता बघा हं, अडचण काय? माणसाने एकदा कुणाचा चहा घेतला की त्याच्या पोरींविरुद्ध ओरडायचं कुठल्या तोंडाने? खाल्ल्या मिठाला जागायला नको? म्हणून ठामपणे म्हटलं, “नो, थँक यू.” मला वाटलं, गोरे लोक, एकदा नाही म्हटलं की विषय खलास! ऑफिसमध्ये तसंच असतं हो, मी भिडेपोटी नको म्हणतो आणि तो ब्रिटिश साहेब खरंच केक उचलून नेतो! पण ही बाई म्हणते, “आह, गो ऑन!” मी म्हटलं नो. ती म्हणते, “यू विल, यू विल, अर्धा कप!” अर्धा कप! अहो, ही तर हुबेहूब आमची साताऱ्याची मावशी! नको म्हणजे हो, असं धरून चालणारी माणसं अजून कुठे असतील असं मला वाटलंच नव्हतं!

पण मी हललो नाही. आपली बाजू म्हणजे आपली बाजू!

फिट्टंफाट करावी म्हणून मीच डबा पुढे केला. बाई म्हणाल्या, “नो नो, आय कुडन्ट!” आता झाली ना पंचाईत? समोरचा नको म्हणाला की आग्रह करायचा, हे आपल्या रक्तातच! “अहो, एक घ्या… घरचा आहे… बायकोने केलाय… तिला वाईट वाटेल!” बाईंनी तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. “ओ, मदर ऑफ गॉड!” आणि धावत गेल्या त्या मंडपातून केक घेऊन आल्या. मागोमाग किटली! पोरींची मॅच एकीकडे, आमची एकीकडे!

शेवटची दोन मिनिटं. आपण दोन पॉइंटनी मागे. बॉल इराकडे! मी छाती भरून श्वास घेतला, ‘इ—’ म्हणतोय तोवर कोपराशी किटली! “यूल हॅव अ ड्रॉप नाऊ!” मी वळलो, दोन्ही हात वर केले आणि जीव तोडून म्हटलं, “नको हो बाई!”…

आणि मागे एकच गलका!

वळून बघतो, बॉल जाळ्यात. पोरी एकमेकींच्या अंगावर. “काय झालं? कुणी मारला?” कुणाला विचारणार? पाहुण्यांच्या बाजूला दुसरं होतंच कोण! नोराबाईंनीच सांगितलं. किटली खाली ठेवून, हातवारे करून सांगितलं, कशी ती दोघींच्या मधून निसटली, कसा डाव्या पायाने मारला. स्वतःची टीम हरली, आणि ही बाई डोळे पुसत मला माझ्या मुलीचा गोल सांगतेय! मग मात्र मी चहा घेतला. दोन कप घेतला.

परत येताना इरा गाडीत शेजारी बसली. मला एकच धास्ती. हिने ‘गोल बघितलात का?’ असं विचारलं तर काय सांगू?

म्हणाली, “बाबा, आय सॉ यू. गोल झाल्यावर मी आधी तुमच्याकडे बघितलं. बोथ हँड्स अप! अँड यू डिडन्ट शाउट. ऑल देअर डॅड्स स्क्रीम, इट्स सो एम्बॅरसिंग. यू वेअर परफेक्ट. विल यू कम एव्हरी टाइम?”

आता काय सांगणार तुम्हाला… जातो दर शनिवारी. पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे उघडे, हात वर आणि तोंड बंद!